ढमढेरेकाकांचा प्रश्न क्रमांक सात

“आधी तीन कोटेशन येऊ देत, मग सत्यनारायण!”

जिन्यात मी जागीच थांबले. आकुर्डीच्या या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला तिसराच दिवस होता. मी कंपनीच्या बसमधून उतरून चाकणची धूळ अंगावर घेऊन वर चालले होते. दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरचं दार सताड उघडं होतं. दारात एक गुरुजी उपरणं सावरत उभे होते आणि त्यांच्यापुढे एक बुटके गृहस्थ. त्यांच्या उजव्या हातात क्लिपबोर्ड होता, डावा हात पाठीमागे.

“अहो, पण मी वीस वर्षं येतोय तुमच्याकडे,” गुरुजी म्हणाले.

“तोच तर प्रॉब्लेम आहे गुरुजी! वीस वर्षं तुमच्यासमोर कोणी उभाच राहिला नाही. मक्तेदारी! मागच्या वेळी चौथा अध्याय तुम्ही किती मिनिटांत उरकलात, नोंद आहे माझ्याकडे.”

“दुसरे दोघं कोण?”

“एक निगडीचे, एक चिंचवडचे. निगडीचे गुरुजी स्वतः फुलं घेऊन येतात.”

गुरुजी जरा विचारात पडले. मग म्हणाले, “आरती मी चालीत म्हणतो. सगळी कडवी. तेवढं लिहून घ्या.”

गृहस्थांनी क्लिपबोर्ड जिन्याच्या कठड्यावर टेकवून उजव्या हाताने ते लिहून घेतलं. मी मान खाली घालून आमच्या दाराशी गेले, आणि घरात शिरल्यावर उशीत तोंड खुपसून हसले. त्या वर्षीचा सत्यनारायण म्हणजे काय थाट होता! त्याच गुरुजींनी सांगितला, पण पाचही अध्याय सावकाश, आणि सगळी कडवी. काका पूजेला बसल्या बसल्या माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. ‘बघितलंस? स्पर्धा!’

हे आमचे ढमढेरेकाका. मूळचे राजगुरुनगरजवळच्या एका खेड्यातले. भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, आठ कामगार. गाड्यांना लागणाऱ्या पिना आणि बुश तिथे बनतात. मोठ्या कंपन्या अशा वर्कशॉपवाल्यांना दर वर्षी तपासतात, गुण देतात, ए, बी, सी असा दर्जा लावतात. बहुतेक वर्कशॉपवाले या तपासणीला वैतागलेले असतात. काका तिच्या प्रेमात पडले. त्यांचं म्हणणं, मोठ्या कंपनीला जर पुरवठादार निवडता येतो, तर तुम्हा-आम्हाला का नाही? म्हणून ते सगळ्या जगाला दर्जा लावत सुटले. न्हावी बी, कारण कात्री चांगली पण राजकारण फार. दूधवाला ए. सोसायटीच्या लिफ्टवर त्यांनी वर्कशॉपमधला नापास मालाचा लाल टॅग आणून लटकवला आणि सेक्रेटरींशी महिनाभर भांडण ओढवून घेतलं. लिफ्ट मात्र दुरुस्त झाली.

गणपतीत त्यांनी तीन घरचे मोदक मागवले, ताटल्यांवर नुसते नंबर घातले, आणि चव घेऊन निकाल लावला. माझ्या आईला मिळाला बी. शेरा, ‘पारी जाड. सुधारणेला वाव.’ आई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षीची पारी इतकी पातळ होती की आतलं सारण दिसत होतं. आईने ताटली त्यांच्यापुढे अशी ठेवली, जशी कोर्टात वस्तू पुराव्याला ठेवतात.

“ए!” काका ओरडले. “वहिनी, ए! हे सरकारी खात्यात झालं असतं का?”

सरकार हा त्यांचा जन्माचा विषय. वर्कशॉप सुरू करताना विजेच्या जोडणीसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर त्यांनी घातलेल्या खेपांची गोष्ट मी पाच वेळा ऐकली आहे. त्या कार्यालयात एक लाकडी बाक होता. त्यावर बसून बसून, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांचं निम्मं तारुण्य गेलं. म्हणून त्यांच्या वर्कशॉपमध्ये बाक नाही. “माणसाला ताटकळत बसवायचंच नाही, तर बाक कशाला?” परिणामी त्यांच्याकडे जाणारा माणूस उभ्यानेच ताटकळतो.

पण खरी गंमत अशी, की सरकार त्यांच्या घरातच होतं. मालतीकाकू महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. काका त्यांना हाकच ‘सरकार’ अशी मारायचे.

“सरकार, चहा मिळेल का?”

“अर्ज करा,” आतून काकू. “तीन प्रतींत.”

संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसायला जाऊ लागले. मी बोलत नसे. काकूंच्या कपाटातलं एखादं मराठी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि दोघांचं भांडण ऐकायचं. विषय बहुतेक एकच, शाळा.

“शिक्षणावर सरकारने खर्च जरूर करावा,” काका सुरू करत. डावा हात पाठीमागे, उजव्या हाताचं बोट हवेत. “पण तो पैसा शाळेला देऊ नका. पोराच्या हातात द्या! कुपन द्या. पोरगं ज्या शाळेत जाईल तिथं ते कुपन जाईल. मग बघा मास्तर वेळेवर येतात का न्हाई.” रंगात आले की त्यांच्या ‘नाही’चं ‘न्हाई’ होत असे. “गिऱ्हाईक कोण? सांगा, गिऱ्हाईक कोण? खातं? मंत्री? का ते पोरगं?”

“आणि ज्या पोराला कोणी दारात उभं करत नाही, ते कुठे जाईल कुपन घेऊन? माझ्या वर्गात यायची ती पोरं. मी कुणाला परत पाठवलं नाही.”

“तुमचा वर्ग ए होता, कबूल. शेजारच्या वर्गाचं बोला. तिथले मास्तर आठवड्यातून दोनदा दर्शन द्यायचे, तरी पगार तोच. भिंतीच्या त्या बाजूच्या पोरांनी कुठं जायचं होतं, सरकार?”

यावर काकू उठून आधण ठेवत. मग चहा होई.

एकदा काका अचानक माझ्याकडे वळले. “हिलाच विचारा! हिच्या बाबांना पाच शाळांतनं एक निवडता आली. इंग्लिश मीडियम. झालं ना पोरीचं भलं? काय गं सई, खूश आहेस ना?”

“हो,” मी म्हणाले.

ते खोटं होतं. म्हणजे पूर्ण खोटं नव्हतं. शाळा चांगली होती, नोकरी तिच्यामुळेच लागली. पण वर्गात मराठी शब्द निघाला की नाव फळ्यावर लिहायचे. त्यामुळे मी प्रत्येक वाक्य आधी मनात तयार करायला शिकले, मग ते तपासायला, मग पुन्हा तपासायला. वाक्य तयार होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. अजूनही असते. कंपनीत मी क्वालिटी खात्यात आहे. पुरवठादारांच्या तपासणीला आम्ही तिघं जातो. दोघं बोलतात, मी लिहिते. बाबांनी पाच शाळा पाहिल्या होत्या हे खरं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. हे वाक्य त्या संध्याकाळी मी मनात तयार केलं, आणि ते तिथेच राहिलं.

मग यंदा, सुट्ट्या संपता संपता, काकांनी घोषणा केली. सरकार ऐकत नाही, तर आपणच एक पायलट लॉट काढू, नमुन्यापुरता! भोसरीतल्या चार वर्कशॉपवाल्यांना त्यांनी पटवलं होतं. कामगारांच्या बारा मुलांना प्रत्येकी एक कुपन, वर्षभराच्या शिकवणीचं. शिक्षकांनी काकांच्या शेडमध्ये येऊन टेबल मांडायची, आई-बापांनी फिरून बघायचं, आणि पटेल त्या शिक्षकाच्या डब्यात कुपन टाकायचं. “शाळेचा बाजार!” काका टाळी वाजवून म्हणाले. “आणि बाजाराआधी रीतसर ऑडिट. सई, चेकलिस्ट तू टाइप करायची.”

मला इतका आनंद कंपनीतल्या कुठल्याच चेकलिस्टचा झाला नव्हता. आठवडाभर बसमध्येही माझ्या डोक्यात तेच. शिक्षक वेळेवर येतात का? मूल चुकलं तर काय करता? न समजलेलं पुन्हा किती वेळा सांगता? काका सांगत, मी टाइप करत असे.

“सात,” काका म्हणाले. “डावखुरं मूल आलं तर काय कराल?”

मी वर पाहिलं. “हे कशाला, काका?”

“लिही तू,” असं म्हणून ते गॅलरीत गेले.

काकू भाजी निवडत होत्या. हळूच म्हणाल्या, “त्यांना नीट बघ कधी. सही कशी करतात बघ.”

मी पाहिली होती. उजव्या हाताची, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी सही. आणि वर्कशॉपमध्ये एकदा लेथ चालवताना पाहिलं होतं तेव्हा सगळं काम डाव्या हाताने चाललं होतं, इतकं सफाईदार, की मला वाटलं माणूसच बदलला.

“गावच्या शाळेतल्या मास्तरांना डावा हात चालायचा नाही,” काकू म्हणाल्या. “आधी पट्टी. मग सुतळीने तो हात पाठीमागे बांधायचे, चड्डीच्या नाड्याला. सहावीत शाळा सोडली ह्यांनी. गावात दुसरी शाळा नव्हती गं. पुढे भोसरीत एका शेडमध्ये झाडायला लागले. तिथल्या मिस्त्रींनी सांगितलं, ज्या हाताने जॉब सरळ येतो तो चालव. बास. ह्यांचं सगळं अर्थशास्त्र एवढंच आहे. दुसरी शाळा नव्हती.”

गॅलरीत काका आमच्याकडे पाठ करून उभे होते. डावा हात पाठीमागे होता, मूठ वळलेली. इतके दिवस मला तो हात भाषणाच्या ऐटीतला वाटत होता.

बाजाराचा रविवार उजाडला. शेड धुऊन काढली होती, यंत्रांवर चादरी होत्या, दाराला पताका. बाक नव्हतेच, त्यामुळे मुलं माल ठेवायच्या प्लास्टिकच्या क्रेट उपड्या करून त्यावर बसली होती. पाच शिक्षकांची पाच टेबलं. कुणी तक्ते लावले होते, कुणी चुंबकाचे खेळ आणले होते. शेजारच्या शेडमधला पत्रा दाबायचा प्रेस दणदणत होता, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते, आणि सगळा खरोखरच आठवडे बाजार वाटत होता. काका इकडून तिकडे पळत होते. “बघा, विचारा, घासाघीस करा! आज तुम्ही गिऱ्हाईक!”

सगळ्यात गर्दी जगदाळे सरांच्या टेबलावर. टाय, छोटा माईक, फाडफाड इंग्रजी. ऑडिटमध्येही तेच पहिले. त्यांची लेखी उत्तरं मीच वाचली होती. सातव्या प्रश्नाखाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘आम्ही प्रत्येक मुलाच्या नैसर्गिक कलाचा आदर करतो.’ काकांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, ए.

अकरा वाजता दारात खळबळ झाली. मालतीकाकू! काखेत सतरंजी, हातात पाटी-खडूची पिशवी. फॉर्म नाही, कोटेशन नाही. सरळ आत आल्या आणि मिलिंग मशिनच्या बाजूला सतरंजी अंथरून बसल्या.

“अहो, हे काय?” काका धावले.

“सरकार बाजारात उतरलंय,” काकू म्हणाल्या. “चालेल ना? का इथेही तुमचीच मक्तेदारी?”

सगळी शेड हसली. काका लाल झाले, मग खुलले. “चालेल! पण मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार न्हाई. हितसंबंध!” आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून ते लांब जाऊन उभे राहिले.

काकूंच्या सतरंजीकडे कुणी फिरकलं नाही. फक्त एक मुलगी आली. आफरीन, आठ-नऊ वर्षांची. तिचे वडील सलीमभाई काकांच्या मिलिंगवर काम करत, त्यामुळे ती बहुतेक ओळखीच्या यंत्रापाशी आली असावी. काकूंनी काही न विचारता तिला सतरंजीच्या डाव्या टोकाला बसवलं आणि पाटी दिली. मी जवळच होते. “त्या टोकाला का?” मी विचारलं.

“शेजारी कुणी आलं तर कोपराला कोपर लागत नाही,” काकू म्हणाल्या. “वर्गातही बाकाच्या डाव्या टोकाला बसवायची मी अशांना.”

तेव्हा मी पाहिलं. आफरीन डाव्या हाताने लिहीत होती. ओठ दाबून, मन लावून, एकाखाली एक अक्षरं. पाटी भरली. काकूंनी ती पुसून परत दिली. दुसरी पाटी भरली.

“आफरीन!” सलीमभाई कुपन घेऊन आले. “चल, सरांना भेटायचंय. ” मग लांबच्या काकांना ओरडून, “काका, फायनल केलं आपण. जगदाळे सर. इंग्लिश कसलं बोलतात राव! मला फॉर्म भरायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, हिला नको लागायला.”

त्यात चूक काहीच नव्हती. माझ्या बाबांनीही अगदी असंच म्हटलं असणार.

मी मागे मागे गेले. जगदाळे सर प्रेमाने म्हणाले, “कम, बेटा! राइट युवर नेम.” आफरीनने टेबलावरच्या पाटीजवळचा खडू उचलला. सरांनी हसत हसत, बोलता बोलता, सलीमभाईंकडे बघत, तो तिच्या डाव्या हातातून काढला आणि उजव्या हातात दिला. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. एखाद्याची कॉलर नीट करावी तसं. त्यांना स्वतःलासुद्धा ते कळलं नसेल. आफरीनने उजव्या हाताने एक वाकडा ए काढला, थांबली, खडू खाली ठेवला आणि डावा हात पाठीमागे नेला.

आमच्या तपासणीचा पहिला नियम, काम कागदावर तपासू नये, मशिनवर तपासावं. आणि आम्ही, तपासणीतच आयुष्य घालवणारे आम्ही दोघं, सुंदर अक्षरावर भुललो होतो!

मी काकांकडे पळत गेले. त्यांच्या कानाशी कसंबसं म्हणाले, “काका, नंबर सात. तिकडे बघा.”

काकांनी पाहिलं. आफरीन तशीच उभी होती. काका हळूहळू तिच्यासमोर गेले, गुडघ्यावर बसले.

“कंच्या हातानं लिहितीस गं?”

तिने मान खाली घातली, हात पुढे आणला नाही. एवढ्या मोठ्या शेडमध्ये दोघं समोरासमोर, दोघांचेही डावे हात पाठीमागे.

“तसं काही नाही काका,” जगदाळे सर म्हणाले. “पुढे परीक्षेत स्पीड लागतो, म्हणून आत्ताच सवय केलेली बरी. तिच्या भल्यासाठीच.”

“सर बरोबर बोलतायत ना, काका?” सलीमभाईंनी विचारलं. त्यांचा हात कुपनासकट डब्यावर होता. “तुम्हीच तर ए दिलाय.”

सगळे काकांकडे बघू लागले. आता ते बोट उंचावतील, आता म्हणतील गिऱ्हाईक कोण, अशी मी वाट पाहत होते. काका उठले. एकदा सतरंजीकडे पाहिलं, बायकोकडे. तिच्या बाजूने बोलायचं नाही असा शब्द त्यांनीच दिला होता. पण अडचण तेवढीच नव्हती. तीन कोटेशनशिवाय देवालासुद्धा न बोलावणारा हा माणूस सहावीतल्या मुलासारखा गप्प उभा होता, आणि पाठीमागे त्याची ती मूठ घट्ट वळलेली होती. माझ्याकडून ती स्पष्ट दिसत होती.

शेजारचा प्रेस जेवणासाठी बंद झाला. शेड एकदम शांत झाली. सलीमभाई कुपनाची घडी घालू लागले.

माझं वाक्य अजून तयार झालं नव्हतं. तपासलं तर मुळीच नव्हतं.

“थांबा!” मी म्हणाले, आणि तो आवाज पत्र्यावर आपटून परत माझ्याकडेच आला. “सलीमभाई, शिकायचंय तिला. कुपन तिच्या हातात द्या. डाव्या हातात.”